पाठीचा आरसा

मला बोलायला तीन मिनिटं दिलीत तुम्ही.
नव्या वेगाने तेवढ्यात
पाचशे पंचवीस कोंबड्या जातात.
जात आहेतच. लाइन काही माझ्यासाठी थांबलेली नाही.

ओरलीन बस्किन. सरकारी तपासनीस, बावीस वर्षं,
डॉबिन्स क्रीक, आर्कान्सा, दुसरी पाळी.
माझ्या जागेवर एक आरसा होता,
स्टीलच्या चौकटीतला, लटकत्या कोंबडीच्या मागे.
छाती समोर दिसायची, पाठ आरशात.
मधूनच त्यात माझाही चेहरा यायचा,
जाळीची टोपी आणि खाली दोन डोळे,
मग मी स्वतःलाही तपासून पुढे सोडायचे.

बरंचसं बोटांनाच कळायचं.
सुजलेलं यकृत,
वायुकोशांत फाटलेल्या दुधासारखा पू,
रक्तात विष भिनून जांभळं पडलेलं अंग.
मी बोट उचललं की
शेजारचा बिलिमोन तो पक्षी उतरवून घ्यायचा.
बिलिमोन मार्शल बेटांवरचा.
मासा ताजा की शिळा
ते माशाचा डोळा बघून सांगायचा.
मला म्हणायचा, बाई, तुमच्या कोंबड्यांना तर डोकंच नसतं,
तुम्ही बघता तरी कुठे?
पाठीकडे, मी म्हणायचे.

मार्चमध्ये आरसे काढले.
चार जागांपैकी तीन बंद.
आता निवडायचं कंपनीच्याच माणसांनी,
आणि मी लाइनच्या टोकाला,
धुतलेल्या, पांढऱ्या, एकसारख्या पळत्या कोंबड्यांपुढे.
हात लावायचा नाही. लावता येतच नाही.
औषधाचा फवारा डोळ्यांना झोंबतो.
पापणी लवते तेवढ्यात एक जाते.
पाळीभरात सात हजार वेळा लवते ती;
मी मोजलं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं.
त्या सात हजारांवरही शिक्का सरकारचाच.

मघाशी कंपनीचे गृहस्थ म्हणाले,
सगळं उघड आहे, स्वच्छ आहे,
हातच्या कांकणाला आरसा कशाला?

कांकण हातात असतं, साहेब.
ही कोंबडी आता कुणाच्याच हातात नाही.

एउलालियाचं सांगते. तिचं आडनाव सांगणार नाही.
कंपनीची निवडणारी, ग्वाटेमालाच्या डोंगरातली,
नजर माझ्याहून तेज.
एका रात्री सलग अकरा पक्ष्यांवर विष्ठा दिसली
आणि तिने लाल बटण दाबलं.
चार मिनिटं लाइन उभी. इतकी शांतता
की छतावरून ठिबकणारं पाणी ऐकू आलं.
तिला कुणी रागावलं नाही.
सोमवारी फक्त जागा बदलली,
जिवंत कोंबड्या टांगायच्या अंधाऱ्या खोलीत.
तिथे पिसं उडतात, नखं लागतात, आणि बटण नसतं.

मला ते असं हलवू शकत नव्हते.
मी बटण दाबलं तर मॅनेजर दात ओठ खायचा, बस.
माझा पगार वॉशिंग्टनहून यायचा.
माझं शौर्य म्हणाल तर एवढंच.
ते तुम्ही काढून घेताय
आणि एउलालियाला म्हणताय, तू शूर हो.

घंटा वाजली वाटतं. ऐकलं मी. एकच वाक्य.

नाही, दोन.
रविवारी माझ्या घरीही कोंबडीच शिजते;
दुकानातून आणलेली, शिक्का असलेली,
मी ती अजून आधी उलटी करते, खिडकीपाशी नेते,
आणि नातू विचारतो, आजी, काय शोधतेस?

आरशाचे चार स्क्रू
अजून तिथेच आहेत, चौकटीत.
कुणाला काढायला वेळच मिळालेला नाही.